हार्डटॉप काढून कॅनव्हासचा हूड बसवला, आणि दर पावसात उजवा गुडघा ओला: गळती नेमकी कुठून येते

गाडी मारुतीची जिप्सी, मूळची हार्डटॉपवाली. कडक टप उतरवून त्या जागी कॅनव्हासचा हूड शिवून घेतला आणि तेव्हापासून सलग तीन पावसाळे एकच रडगाणं. पाऊस जरा टिकला की ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्यावर थेंब, आणि रात्री अंगणात उभी ठेवली तर सकाळी पायाखालची मॅट भिजलेली. दरवर्षी काहीतरी करून बंद करायचो. पुढच्या मृगात पुन्हा हजर.

पहिल्या वर्षी शिवणींवर मेण चोळलं. दुसऱ्या वर्षी काचेच्या चौकटीवर सिलिकॉनची अख्खी ट्यूब रिकामी केली. तिसऱ्या वर्षी कापडच बदललं, सुती कॅनव्हास टाकून रेक्झिन घेतलं. मारबतीच्या दिवशी, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते त्या दिवशी, नागपूरच्या महाल भागातून घरी येताना गुडघा परत ओला झाला, तेव्हा मिरवणुकीतल्या आरोळीच्या चालीवर तोंडातून निघून गेलं, "हुडाची गळती घेऊन जा गे मारबत!" मारबत गेली. गळती राहिली.

शेवटी कळलं ते एवढंच की दोष कापडात नव्हता. कडक टप म्हणजे नुसतं झाकण, असं आपण धरून चालतो. त्याच्या कडेला पन्हळ असते आणि टपावर पडलेलं पाणी ती दारांच्या बाहेरून खाली सोडते. काचेची चौकट आणि मागची बॉडी यांना तो बोल्टांनी एकमेकांशी आवळून ठेवतो. बॉडीच्या काठावरची भोकं त्याच्याच बोल्टांनी बुजलेली असतात. टप उचलला की ही सगळी कामं बेवारस होतात, आणि हूडवाला माप घेतो ते फक्त झाकणाचं. तुमचा हूड दोनदा शिवूनही गळत असेल तर तिसऱ्यांदा कापड घेण्याआधी यातलं कोणतं काम बेवारस पडलंय ते शोधा.

आधी एका प्रश्नाचं उत्तर काढायचं: पाणी कधी येतं? गाडी उभी असताना, पळताना, की ब्रेक मारल्यावर? हे मी तीन वर्षं स्वतःला विचारलंच नव्हतं. गळती म्हणजे गळती, असा सरळ हिशोब. प्रत्यक्षात माझ्या गाडीत तीन वेगवेगळ्या वाटांनी पाणी येत होतं आणि मी तिघांना एकच औषध देत होतो. पळताना येणारं पाणी बहुतेक काचेच्या वरच्या कडेतून येतं. ब्रेक मारल्यावर डोक्यावर अख्खा पेला रिकामा होत असेल तर हुडावर डबकं साचतंय. आणि पाऊस थांबून अर्धा तास झाला तरी खाली ओल वाढतच असेल, तर पाणी बॉडीच्या पोकळ कडेत शिरलंय.

उभ्या गाडीची तपासणी नळाच्या पाइपाने करायची, पण खालून वर. सगळे जण थेट हुडावर पाणी सोडतात. मग ते सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. एका रविवारी भाच्याला टॉर्च देऊन आत बसवलं. सीटवर, खाली, डॅशबोर्डवर वर्तमानपत्रं पसरली, कारण कागदावर पहिला थेंब लगेच दिसतो. दाराच्या बिजागऱ्यांपासून सुरुवात केली, एका जागी पाच मिनिटं, मग वीतभर वर. दार झालं, काचेचा खालचा रबर झाला, कागद कोरडे. मग मागे गेलो आणि बॉडीच्या काठावर, टपाचे बोल्ट होते तिथं पाणी सोडलं. काही वेळ शांतता. मग आतून आवाज आला, "मामा, तुम्ही मागं टाकून राहिले, पाणी समोर येऊन राहिलं!"

आमच्या अंगणाला फाटकाकडे उतार आहे आणि गाडीचं तोंड तिकडेच असतं. मागच्या भोकातून शिरलेलं पाणी पोकळ कडेतून उताराने पुढे येत होतं आणि ड्रायव्हरच्या पायाशी एका जोडातून बाहेर पडत होतं. आणि मी तीन वर्षं पुढचं दार सोलून पाहत होतो.

ही भोकं बुजवायला पहिल्यांदा वर्कशॉपमधल्या पोऱ्याने नेहमीचं सिलिकॉन भरलं होतं. ते खरवडून काढलं तेव्हा खाली तांबूस गंज. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सुकताना ॲसिड सोडतं, उघड्या लोखंडाला ते चालत नाही. शिवाय एकदा सिलिकॉन लागलेल्या जागेवर नंतर रंगही धरत नाही. म्हणून भोकाची कड घासून, प्रायमर लावून, सुकल्यावर आखूड बोल्ट आणि त्याखाली रबरी वॉशर, आणि कडेला बॉडीशॉपमध्ये मिळतं ते पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. बोल्टच का? उद्या टप परत चढवायचा झाला तर भोक शाबूत पाहिजे. वेल्डिंग करून बुजवू नका, कितीही स्वस्त पडलं तरी. आणि उत्साहाच्या भरात दारांच्या आणि कडेच्या तळाशी असलेली पाणी निघायची भोकं बुजवू नका. ती कंपनीने मुद्दाम ठेवलेली असतात. ती बंद केली की पाणी आतच राहतं आणि गाडी पोटातून कुजते.

मॅट कोरडी झाली. गुडघा नाही.

पाइपाने काचेच्या वरच्या कडेवर दहा मिनिटं पाणी मारलं, एक थेंब नाही. पण जबलपूर रोडने रामटेककडे जाताना पाऊस लागला आणि मनसरच्या अलीकडे गुडघा ओला. वेग चाळीसवर आणला, थेंब थांबला. परत वाढवला, परत सुरू. शेजारी बसलेल्या मित्राला समोरच्या कडेखाली तळहात धरायला सांगितलं. ऐंशीच्या आसपास त्याने हात काढला आणि नुसतं वर बोट दाखवलं: चौकट आणि कापड यांच्यामधून आभाळ दिसत होतं. बोटभर फट.

हवेचं गणित साधं आहे. काचेवरून वर चढणारी हवा हुडावरून वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो. आत मात्र खिडकीतून येणारी हवा भरत राहते. हूड पुरीसारखा फुगतो आणि समोरची कडा वर ओढतो. त्याच वेळी काचेवरचं पाणी वाऱ्याने खाली न येता वर चढतं आणि नेमकं त्या फटीत शिरतं. उभ्या गाडीवर पाइप मारून हे दिसणारच नाही. हुडाचा पट पट आवाज महामार्गावर डोकं उठवत असेल तर तोही याच दुखण्याचा भाऊ आहे.

माझ्या चौकटीवर हूडवाल्याने ॲल्युमिनियमचं चॅनल बसवलंय. कापडाच्या पुढच्या कडेत दोरी घालून पाइपिंग केलेलं असतं, ते त्या चॅनलमध्ये सरकवायचं. चॅनल मोजलं तर आत ८ मिलिमीटर. दोरी उसवून मोजली तर ५. म्हणजे दोरी चॅनलमध्ये बसत नव्हती, लोळत होती. कडा उसवून जाड दोरी घातली. शिवायच्या आधी नुसती दोरी चॅनलमध्ये सरकवून पाहायची; साबणाचं पाणी लावल्यावर जोर देऊन सरकली तर माप बरोबर, भुरकन सरकली तर बारीक.

त्याने निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं चौकटीत होतं. कडक टप होता तोवर ती मागच्या बाजूला बांधलेली होती. टप गेल्यावर ती फक्त खालच्या बिजागऱ्यांवर उभी, आणि दार आपटलं की सुतभर पुढे जाऊन परत येते. कापड कितीही ताणा, खुंटीच हलत असेल तर ताण टिकणार कसा? चौकटीच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांपासून हुडाचं कापड ज्या लोखंडी कमानींवर ताणलेलं असतं त्यातल्या मधल्या कमानीपर्यंत एकेक पाइप बोल्टने आवळून घेतला. दार आपटून चौकटीवर बोट ठेवलं, हलत नाही. त्यानंतर गुडघ्यावर थेंब आलेला नाही.

ब्रेकवालं पाणी मी स्वतःच ओढवून घेतलं होतं. हूड खाली असताना गाडी देखणी दिसावी म्हणून मधली कमान जरा बुटकी करून घेतली होती. एक सुतळी घ्या, काचेच्या चौकटीपासून मागच्या कमानीपर्यंत ताणून धरा. मधली कमान सुतळीला खालून वर ढकलत असली पाहिजे. माझी सुतळी कमानीच्या दोन बोटं वरून गेली. म्हणजे मधे चक्क परात तयार झाली होती. पाणी साचलं की वजनाने कापड आणखी लोंबतं, मग आणखी साचतं, आणि सिग्नलला ब्रेक मारला की सगळी परात पुढे. कमान उंच करून घेतली आणि चौकटीपासून मागच्या कमानीपर्यंत पलंगाला वापरतात तशा नवारीच्या दोन पट्ट्या ताणून बसवल्या. त्या कमानींना जागच्या जागी धरतात आणि मधल्या कापडाला खालून आधार देतात. जुन्या जीपांच्या हुडाखाली अशा पट्ट्या असायच्या. हल्लीचे शिवणारे त्या घालत नाहीत, कारण गिऱ्हाईक मागत नाही.

राहिली पन्हळ. तिला पर्याय नाही, पण उपाय आहे. कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घरात जे वाढले त्यांना सांगायला नको: भिंत भिजू नये म्हणून कवेलू भिंतीच्या बाहेर काढलेले असतात, आणि वरचा कवेलू खालच्यावर चढलेला असतो, उलटं कधीच नाही. हुडाचं तसंच करायचं. दाराच्या वर कापडाची दोन-अडीच इंचांची झालर बाहेर सोडायची, तिच्या कडेत दोरी घालायची म्हणजे ती वाऱ्याने उलटत नाही. आणि जोडशिवण पाहताना वरचं पान खालच्यावर आहे ना, उघडी कड मागे किंवा खाली तोंड करून आहे ना, ते बोटाने चाचपायचं. माझ्या पहिल्या हुडात एका बाजूची शिवण पुढे तोंड करून होती. पुढे तोंड असलेली शिवण म्हणजे वाऱ्यापुढे धरलेली पसरलेली ओंजळ.

शिवणीत सुई जिथं जाते तिथं भोक पडतंच. इंचाला सहा-सात टाके पुरेत. बारीक टाके मजबूत असं वाटून दहा-बारा घालून घेतले तर कापडाला टपाल तिकिटासारखी फाडायची रेघ तयार होते. दोरा पॉलिएस्टरचा. नायलॉनचा दोरा दुकानात ओढून पाहिला तर चिवट लागतो, पण आपल्याकडच्या उन्हात तो आधी मरतो.

आता कापड. मी सुतीवरून रेक्झिनवर गेलो आणि परत सुतीवर आलो, दोनदा पैसे मोजून. जाड सुती कॅनव्हास ओला झाला की त्याचा धागा फुगतो आणि विणीतली छिद्रं आपोआप बुजतात. पहिल्या पावसात नवं कापड थोडं पाझरलं म्हणून घाबरून जाऊ नये. ते भिजून, सुकून, परत भिजलं की बसतं. ओल्या कापडाला आतून बोट मात्र लावायचं नाही. जिथं बोट टेकतं तिथून थेंब सुटतो. मुलं हे हमखास करतात. आणि हूड धुण्याच्या पावडरीने धुवायचा नाही, नुसत्या पाण्याने आणि मऊ ब्रशने. पावडरीने कापडाला लावलेलं मेण-रसायन निघून जातं आणि मग ते चहाच्या गाळण्यासारखं होतं. माझा पहिला हूड मी असाच "स्वच्छ" केला होता. सुती कापडाची खोड एकच: ओलं घडी करून ठेवलं की आठवड्यात बुरशी.

रेक्झिन म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेलं कापड. त्यातून पाणी आरपार येत नाही हे खरं, पण त्याला नागपूरचा उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही सोसत नाहीत. माझं माप नवतप्यात घेतलं, भर दुपारी. ४५ अंशांच्या वर तापलेलं रेक्झिन सैल आणि नरम, शिवणाऱ्याने छान ओढून टिचबटणं ठोकली. डिसेंबरच्या पहाटे तेच बटण अर्धा इंच अलीकडे थांबायला लागलं. ओढाओढी केली तर बटण कापडासकट निघालं. डिसेंबरात शिवलं असतं तर मे महिन्यात झोळी झाली असती. रेक्झिनच घ्यायचं असेल तर माप सकाळी, सावलीत घ्यावं आणि बटणं शेवटी, गाडीवर चढवून ठोकावीत. मागची प्लास्टिकची पारदर्शक खिडकी थंडीत गुंडाळायची नाही, चरा पडतो.

जंगलातल्या जिप्सीवाल्यांना विचारून पाहा, असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. पेंचच्या जंगलाच्या सिल्लारी फाटकावर एका जिप्सीवाल्याला विचारलंही. तो भला माणूस हसला: "भाऊ, आमची गाडी पावसात फिरतच नाही." खरंच की, पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असतं आणि हंगामभर गाड्या उघड्या पळतात. गळतीबद्दल विचारायचं तर ताडपत्री शिवणाऱ्याला विचारा. नवारीचं आणि झालरीचं मला ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्यानेच सांगितलं, तेही दुसऱ्याचं काम करता करता, मान वर न करता.

गळतीशी संबंध नाही, पण जिवाशी आहे म्हणून एक गोष्ट. बाजूचे पडदे बंद आणि फक्त मागचा पडदा गुंडाळून वर, अशी गाडी चालवू नका. डब्यासारख्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, तिथं धूर घुटमळतो आणि उघड्या मागच्या बाजूने आत ओढला जातो. मागे बसलेल्यांचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं की आपण घाटाला दोष देतो. तो कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. मागचा पडदा उघडायचा तर पुढच्या खिडक्याही उघडायच्या. फुगण्याचा त्रास वर सांगितलेल्या दुरुस्तीनंतर तसाही राहत नाही.

आणि कागद. हे खरं तर कात्री लावायच्या आधीचं काम आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेबाहेरच्या बदलांबद्दल हेच बजावलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कंपनीने हीच गाडी सॉफ्टटॉपमध्येही विकली, हे उत्तर नाक्यावर चालत नाही. तुमच्या आरसीवर बॉडीच्या रकान्यात काय लिहिलंय ते पाहतात. एमएच ३१ असो, ४० असो की ४९, आपल्या आरटीओत आधी अर्ज आणि लेखी परवानगी, मग टप उतरवायचा, आणि विमा कंपनीलाही कळवायचं. उतरवलेला टप भंगारात देऊ नका. तो उभा न ठेवता, टायरांवर आडवा ठेवा, नाहीतर वाकतो. त्याचे बोल्ट आणि रबर एका पिशवीत बांधून टपालाच लटकवा. मी बोल्ट डब्यात ठेवले होते. ते पुढे आमच्या कुलरच्या स्टँडला लागले.

एक दुखणं उरलंय. मागच्या पडद्याच्या चेनमधून, डाव्या वळणावर, मुसळधार असला तर थेंब येतो. चेनवर झाकणपट्टी आहे, पण वळणावर ती दुमडते. मेण लावलं, पट्टी रुंद केली, खाली टिचबटण वाढवलं, थेंब कमी झाला पण गेला नाही. सध्या तिथं जुना टॉवेल ठेवलाय. वळणावर न दुमडणारी चेनपट्टी कोणी शिवून घेतली असेल तर कापड किती जाड घेतलं आणि पट्टीत काय भरलं, तेवढं सांगा.